ताडपत्री उन्हात मरते

पावसाळा ऐन भरात असताना रात्री अडीच-तीनला पत्र्यावरून टपटप सुरू होते. घरातलं कोणीतरी अंधारात बादली शोधतं, कोणीतरी म्हणतं, "पावसानं ताडपत्री फाडली." हा आळ पावसावर दरवर्षी येतो आणि बहुतेक वेळा तो खोटा असतो. ताडपत्रीचा जीव गेलेला असतो एप्रिल-मे महिन्यात, निरभ्र आकाशाखाली, अंगावर एक थेंबही न पडता. जुलैतला पाऊस फक्त पंचनामा करतो.

खरंखोटं करायचं असेल तर दोन-तीन वर्षं छपरावर काढलेली निळी ताडपत्री खाली घ्या. तिचा एखादा भाग तरी वळचणीखाली किंवा घडीच्या आत, सावलीत राहिलेला असतो. तिथली एक पट्टी कडेनं उसवून काढा. हाताला येईल ती दोन-तीन मिलिमीटर रुंदीची चपटी फीत. तिला गोल धागा म्हणता येणार नाही. दोन्ही हातांनी ओढलीत तर बोटांना काचते, पण तुटत नाही. आता उन्हातल्या भागातली तशीच फीत काढा. ती कटकन तुटते आणि बोटांवर पांढरट भुगा राहतो. दोन्ही फिती एकाच कारखान्यातल्या, एकाच मागावर शेजारी शेजारी विणलेल्या. दोघींवर पडलेल्या पावसात फारसा फरक नसेल. फरक आहे तो उजेडाचा.

हे नेमकं काय झालं ते समजायला आधी ती फीत इतकी चिवट का असते ते पाहायला हवं. त्यासाठी दुधाची रिकामी पिशवी पुरते. बोटभर रुंदीची पट्टी कापा आणि सावकाश ओढा. घाई करू नका, नाहीतर ती नुसती तुटेल. एका जागी पट्टीला कंबर येते, ती कंबर दोन्ही बाजूंना पसरत जाते, पट्टी लांब, पातळ आणि किंचित धुरकट होते. मग एक क्षण असा येतो की ती अडून बसते. आता ताणलेल्या दिशेनं ती मघापेक्षा कितीतरी बळकट झालेली असते. आत झालं ते असं: पॉलिथिनचा रेणू म्हणजे हजारो कार्बन अणूंची एकामागोमाग लांबलचक साखळी. ताणण्याआधी या साखळ्या वाटीतल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुरफटलेल्या असतात. ताणल्यावर त्या सरळ होऊन शेजारी शेजारी लागतात, आणि ओढ थेट साखळीच्या कण्यावर येते. ताडपत्रीच्या कारखान्यात हेच शिस्तीत चालतं. प्लॅस्टिकचा पातळ पडदा काढायचा, तो चिरून पट्ट्या करायच्या, त्या तापवून मूळ लांबीच्या पाच-सहापट ताणायच्या, मग मागावर त्यांचं कापड विणायचं आणि फटी बुजाव्यात म्हणून दोन्ही अंगांना मऊ पॉलिथिनचा लेप द्यायचा. हा लेप माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. आपण ज्याच्या भरवशावर पावसात झोपतो तो पाणरोधक भाग एवढाच. आतलं विणकाम फक्त ताकद देतं.

पॉलिथिनचा जन्म अपघातानं झाला हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. १९३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. भांडं उघडलं तर आत मेणासारखा पांढरा पदार्थ. तो पुन्हा पुन्हा करून पाहणं मात्र साधेना. प्रयोग कधी जमे, कधी फसे. पुढे उलगडलं की साखळी जोडायला सुरुवात करून देत होता वायूत चुकून शिरलेला किंचितसा ऑक्सिजन. ताडपत्रीतल्या फितींना लागणारं घट्ट, सरळ साखळ्यांचं पॉलिथिन त्यानंतर वीस वर्षांनी, १९५३ साली जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी कमी दाबात तयार केलं. त्या शोधाला १९६३ मध्ये नोबेल मिळालं, इटलीच्या ज्युलिओ नत्तांबरोबर विभागून. मला यात गंमत वाटते ती ऑक्सिजनची. ज्यानं पहिली साखळी जोडून दिली, तोच छपरावर बसून ती तोडतो.

शुद्ध पॉलिथिनला खरं तर सूर्यप्रकाशाची भीती नाही. अतिनील किरणांत कार्बन-कार्बन बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते, पण शुद्ध साखळी ते किरण शोषतच नाही, आरपार जाऊ देते. अडचण आहे ती अशुद्धीची. कारखान्यात प्लॅस्टिक वितळवताना साखळीवर कुठेकुठे ऑक्सिजन चिकटून बसतो, उत्प्रेरकाचे कण मागे राहतात. किरण शोषले जातात ते या जागांवर. एक बंध तुटला की तिथे एक अर्धवट, भुकेला अणू उरतो. तो हवेतला ऑक्सिजन पकडतो, मग शेजारच्या साखळीचा हायड्रोजन हिसकावतो, आता ती शेजारीण भुकेली होते. मधल्या टप्प्यावर तयार होणारं पेरॉक्साईड उजेडात स्वतःच फुटतं आणि एकाचे दोन भुकेले करून ठेवतं. असं ते आतल्या आत पसरत जातं. हजारो दुव्यांच्या साखळीत मोजके घाव बसले तरी ताकद संपते. वजन तेवढंच, रंग जवळपास तोच, हात लावला तर गुळगुळीत. मेलेली ताडपत्री ओळखता येत नाही ती यामुळेच.

गरमीनं हे सगळं आणखी वेगानं होतं. उन्हात तापलेल्या पत्र्याला चिकटून असलेली ताडपत्री वरून उजेडानं आणि खालून चटक्यानं अशी दोन्हीकडून भाजते. पॉलिहाऊसवाल्या शेतकऱ्यांना हे ठाऊक आहे. त्यांचा कागद आधी जातो तो लोखंडी पाइपाला टेकतो त्या रेषेवर, म्हणून पाइपाला वरून पांढरा रंग मारतात. छपरावर तसं काही करता येत नाही, पण पत्रा आणि ताडपत्री यांच्यात थोडी हवा खेळेल अशा पट्ट्या टाकल्या तरी फरक पडतो.

यावर रसायनशास्त्रानं दोन तोडगे काढले. पहिला काळा. काजळीची बारीक पूड, शंभरात दोन-तीन भाग, प्लॅस्टिकमध्ये मिसळली की किरण वरच्या थरातच गिळले जातात. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात, गच्चीवरच्या पाण्याच्या कितीतरी टाक्या काळ्या असतात, त्याचं कारण हेच. दुसरा तोडगा अधिक विलक्षण आहे. हिंडर्ड अमाईन नावाच्या कुळातले रेणू. भुकेला अणू दिसला की हा रेणू त्याला पकडून शांत करतो. इतपत ठीक, असं करणारी रसायनं बरीच आहेत, पण ती एकदा कामाला आली की संपतात. हा रेणू मात्र काम उरकून पुन्हा मूळ रूपात येतो आणि पुढच्याला पकडायला मोकळा होतो. ताडपत्रीच्या पाकिटावर 'यूव्ही' असं छापलेलं असतं त्याचा अर्थ असले काही ग्रॅम पहारेकरी आत सोडलेले आहेत. चांगल्या आणि टाकाऊ मालातला फरक बराचसा या काही ग्रॅमचा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना नाही तरी काट्याला दिसेल अशी एक गोष्ट मात्र आहे: जाडी. २०० जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला २०० ग्रॅम. १८ बाय ३० फुटांची ताडपत्री साधारण ५० चौरस मीटर भरते, म्हणजे वजन १० किलोच्या आसपास हवं. दुकानदाराला काट्यावर ठेवायला सांगा. त्याचा चेहरा काय होतो तेही पाहण्यासारखं असतं.

या पहारेकऱ्यांचा एक शत्रू नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात घरोघरी आहे. गंधक. हिंडर्ड अमाईन हा अल्कधर्मी रेणू. भुरीसाठी धुरळलेलं किंवा फवारलेलं गंधक प्लॅस्टिकवर बसलं आणि ऊनपाण्यात त्याचं आम्ल झालं, की ते या रेणूंना बांधून टाकतं. मग ऊन आपलं काम निर्धास्त करतं. क्लोरीन असलेल्या कीटकनाशकांचंही तसंच. पॉलिहाऊसच्या कागदाबाबत हा अनुभव जगभरचा आहे. तेव्हा फवारणीच्या दिवशी शेडवरची ताडपत्री झाकता येत नसेल तर दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यानं धुऊन घ्यावी, आणि गंधकाच्या गोण्यांवर पांघरलेली ताडपत्री धुतल्याशिवाय उन्हात टाकू नये. तिला धुणं म्हणजे निव्वळ स्वच्छतेचं काम नव्हे, ते तिचं औषधपाणी आहे.

प्लॅस्टिकच्या आधीची ताडपत्री सुती कॅनव्हासची होती, आणि तिचा वैरी ओल होता. जहाजांवर कॅनव्हासला डांबर फासत, जवसाचं तेल मुरवत. जवसाचं तेल वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडतं असं नव्हे. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट विणलं जातं. म्हणजे पॉलिथिनला जी क्रिया तोडते, जवळपास तीच जवसाच्या तेलाला जोडते. या जोडणीत उष्णता निघते, इतकी की तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर कधी कधी काडी न लावता पेट घेतात. सुताराच्या दुकानात लाकडाला जवसाचं तेल लावत असतील तर तिथल्या चिंध्या पसरून वाळत घाला म्हणून सांगा.

तेल लावलं तरी कॅनव्हास हा शेवटी कापूस, आणि कापूस हे बुरशीचं अन्न. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्य दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवर उतरलं तेव्हा तंबू, पट्टे, ताडपत्र्या पाहता पाहता कुजून हातात येऊ लागल्या. सैन्याच्या पुरवठा खात्यानं शास्त्रज्ञांना कामाला लावलं, कुजक्या सामानावरच्या हजारो बुरश्या गोळा झाल्या. त्यांतली एक, सॉलोमन द्वीपसमूहातल्या बोगनव्हिल बेटावरच्या सुती कॅनव्हासवरून उचललेली, 'क्यूएम ६ए' या नोंदीनं ठेवली गेली. एल्विन रीझ यांच्या प्रयोगशाळेनं तिचा पिच्छा पुरवला. ही बुरशी कापूस चावत नाही, चावायला तोंडच नाही तिला. ती स्वतःबाहेर विकरं सोडते, ती सेल्युलोजची साखळी कापून तिची साखर करतात, आणि बुरशी ती साखर शोषते. १९७७ मध्ये तिला रीझ यांचंच नाव देण्यात आलं: ट्रायकोडर्मा रीझी. सैन्याला तिचा नायनाट करायचा होता. आज तिला मोठमोठ्या टाक्यांत लाडानं वाढवतात. जीन्सला जुनाट, उडालेला रंग आणायला आणि पिकांच्या काडातून साखर काढून इथेनॉल करायला तिचीच विकरं लागतात, आणि कारखान्यांतले या बुरशीचे वाण त्या एका नमुन्याचेच वंशज आहेत. एका कुजलेल्या तंबूची ही एवढी वंशावळ!

आपल्याकडे हरभऱ्याच्या मर रोगासाठी बियाण्याला चोळतात ती ट्रायकोडर्मा विरिडी याच कुळातली. तिथे ती कापसावर सुटत नाही, मर रोगाच्या बुरशीवर सुटते.

पॉलिथिनच्या ताडपत्रीला असली बुरशी सहजी खाऊ शकत नाही. मग ओली घडी करून ठेवलेल्या ताडपत्रीवर ते काळे ठिपके आणि तो कुबट वास येतो कुठून? बुरशी खाते ती वरची धूळ, पाचोळ्याचे कण, पक्ष्यांची विष्ठा, मळणीचा भुसा. ताडपत्री फक्त ताट आहे, म्हणून ताट घासून ठेवावं लागतं. मात्र घासणं इथे बेतानं. तारेची घासणी किंवा ताठ खराटा फिरवला की तो केसाहून पातळ लेप ओरखडतो आणि पुढच्या पावसात विणीतून पाणी झिरपतं. आधी कोरडी झटकून घ्यायची, मग मऊ कुंचा, कोमट नाहीतर साधं पाणी, त्यात थोडासा साबण. कढत पाणी नको. डाग निघत नाही म्हणून रॉकेल किंवा डिझेल तर मुळीच नको. पॉलिथिन आणि रॉकेल दोघेही हायड्रोकार्बन, एकमेकांचे नातलगच. रॉकेल आत शिरतं, प्लॅस्टिकला फुगवतं आणि ते मोलाचे पहारेकरी रेणू विरघळवून बाहेर काढतं. ब्लीचिंग पावडरही तशीच नको. डागाबरोबर ती वर्षभराचं ऊन एका दुपारी लावून जाते, असं म्हटलं तर थोडीच अतिशयोक्ती होईल.

साबणाबद्दलही एक चमत्कारिक गोष्ट आहे. पॉलिथिनच्या पट्टीला किंचित चीर द्या, ती वाकवून पकडीत बसवा आणि साबणाच्या पाण्यात ठेवून द्या. काही वेळानं ती तडकते. तीच पट्टी तशीच वाकवून नुसत्या हवेत ठेवली तर कितीतरी अधिक टिकते. साबण पॉलिथिनशी काहीही रासायनिक क्रिया करत नाही. मग तो करतो काय? प्लॅस्टिकमध्ये साखळ्या जागोजागी घट्ट रचून बसलेल्या असतात आणि या गठ्ठ्यांना बांधून ठेवणाऱ्या काही मोजक्या साखळ्या मधून जातात. ताणाखाली साबणाचे रेणू सैल भागात शिरतात आणि बांधून ठेवणाऱ्या साखळ्यांना सरकून सुटायला मदत करतात. टेलिफोनच्या तारांवर पॉलिथिनचं आवरण येऊ लागलं तेव्हा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं यासाठी चाचणी बसवली. तापवलेल्या साबणपाण्यात वाकवलेल्या पट्ट्या ठेवून कितीला तडा जातो ते मोजणारी ही चाचणी अजूनही वापरात आहे. छपरावरच्या ताडपत्रीला एवढा कडक प्रसंग येत नाही, पण साबण नीट न खळबळता तिच्या कडक घड्या घालून, वर गोण्या रचून ठेवलं, की आपण माळ्यावर ती चाचणीच मांडून ठेवतो. दोन पाण्यांनी धुवा, आणि दुसरं पाणी घडीच्या जुन्या रेषांवर जास्त ओता.

धुतली की वाळवणं. उन्हानं मरते म्हणून सांगितलं तरी वाळवायला तासभर ऊन दिल्यानं काही बिघडत नाही. उलटी करून दोरीवर टाकली तर आणखी बरं. खरी चूक म्हणजे वरून कोरडी दिसली की घडी घालणं. शिवणीत, कडेच्या दोरीच्या नेफ्यात आणि पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या रिंगांभोवती पाणी राहतं. तिथे बोट फिरवून बघायचं. घडी दर वेळी वेगळ्या रेषेवर घालावी, किंवा जुन्या पाइपावर गुंडाळून ठेवावी. गुंडाळलेल्या ताडपत्रीला कडक रेष पडत नाही. आणि तिच्यावर धान्य सांडलेलं असेल तर पुन्हा झटका, कारण उंदराला प्लॅस्टिकचा शौक नाही. तो आत अडकलेल्या चार दाण्यांसाठी बारा घड्या आरपार कुरतडतो, आणि उलगडल्यावर तेच भोक बारा ठिकाणी दिसतं.

वापरतानाचं एक वजन डोक्यात असू द्यावं. पाण्याचं. एक सेंटिमीटर खोल पाणी दर चौरस मीटरला दहा किलो भरतं. दोन मीटर लांब-रुंद खोलगट झोळीत पाच सेंटिमीटर पाणी साचलं तर दोनशे किलो झाले, आणि ते सगळे चार रिंगांवर. वारा त्याहून फसवा. ताशी ५४ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला जेमतेम चौदा किलो येतो, पण पन्नास चौरस मीटरला त्याचे सातशे होतात. छपरावर टायर आणि विटा ठेवतात त्या याच हिशेबापुढे कमी पडतात. ढिली ताडपत्री फडफडते आणि प्रत्येक फडक्याला तीच घडी, तीच रिंग ओढ खाते. दोरी प्रत्येक रिंगेतून घ्या, मध्ये उतार ठेवा, आणि पत्र्याच्या धारेवर जुन्या गोणपाटाचा पदर घाला.

मळलेल्या सोयाबीनवर किंवा कांद्यावर टाकलेली ताडपत्री आतून ओली होते, तेव्हा लोक ती गळकी ठरवतात. तीस अंशांची दमट हवा घनमीटरला सुमारे तीस ग्रॅम वाफ धरून ठेवते, वीस अंशांची सतरा. संध्याकाळी गार झालेल्या ताडपत्रीला ढिगातली दमट हवा टेकली की उरलेली वाफ तिथेच पाणी होऊन मालावर ठिबकते. पाणी आलं ते वरून नव्हे, मालातून. दिवसा उघडीप असेल तेव्हा एक बाजू उचलून वारं द्यायलाच हवं.

फाटलीच तर ठिगळ लावणं हाही एक धडा. घरातला कुठलाही गोंद पॉलिथिनला धरत नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावर धरायला काही नसतंच. रासायनिकदृष्ट्या ते जवळजवळ मेण आहे. इस्त्री फिरवून जोडू म्हटलं तर फिती आक्रसतात. कारखान्यात ताणून सरळ केलेल्या साखळ्या उष्णता मिळताच पुन्हा गोळा व्हायला धावतात, आणि जोड सुरकुतून वर येतो. व्यवस्थित जोड गरम हवेच्या यंत्रानंच होतो. तात्पुरतं काम असेल तर डांबराचा चिकट पट्टा बरा, दोन्ही अंगांनी, जागा धुऊन अगदी कोरडी करून लावलेला. जहाजावरच्या कॅनव्हासला लागायचं तसलं डांबर इथे ठिगळापुरतं परत येतं.

कटकन तुटणाऱ्या फितींची ताडपत्री पुन्हा छपरावर चढवू नका, कितीही निळी दिसली तरी. वाऱ्यात तिचा भुगा होऊन गटारात आणि शेतात जाईल, आणि तिथून तो वेचता येत नाही. तिची सावलीतली बाजू कापून घ्या आणि गोदामात गोण्यांखाली अंथरा. तिथे ऊन पोहोचत नाही, वारा नाही, ओढ नाही, आणि जमिनीची ओल अडवायला जेवढा जीव लागतो तेवढा तिच्यात अजून असतो. उरलेली एकत्र बांधून भंगारवाल्याला द्यायची, आणि नवी आणायला जाताना काट्याचं विसरायचं नाही.